स्पेनमध्ये शिकताना : सालामांकातील रोजचा दिवस, घर, जेवण आणि कागदपत्रे

तोर्मेसकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. या विभागात स्पेनमधील शिक्षणाविषयी बरेच प्रश्न येतात. त्यांतील बहुतेक प्रवेश, शिष्यवृत्ती आणि व्हिसा यांविषयी असतात आणि जाणकारांनी त्यांची उत्तरे वेळोवेळी दिलेली आहेत. तिथे पोहोचल्यानंतर विद्यार्थी सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत कसा राहतो, याविषयी मात्र फारसे लिहिलेले दिसले नाही, म्हणून हा धागा काढत आहे. मी सालामांका येथे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. हे विद्यापीठ १२१८ साली स्थापन झाले. गावाची लोकसंख्या दीड लाखाच्या आत आहे, आणि शैक्षणिक वर्ष सुरू असताना रस्त्यावर विद्यार्थीच अधिक दिसतात. त्यामुळे माझे लिहिणे अशा लहान, जुन्या आणि तुलनेने स्वस्त गावापुरते समजावे. माद्रिद, बार्सेलोना किंवा लॅटिन अमेरिकेत असलेल्या सदस्यांनी आपापल्या ठिकाणची परिस्थिती अवश्य लिहावी.

माझे मुख्य म्हणणे आधीच सांगते. येणाऱ्या प्रत्येकाला भाषेची धास्ती असते. ती धास्ती पहिल्या सत्रातच बरीचशी ओसरते, कारण वर्गात आणि दुकानात बोलल्यावाचून सुटकाच नसते. खरा त्रास होतो तो इथल्या दिवसाच्या वेळापत्रकाचा. ते अंगवळणी पडले नाही, तर विद्यार्थी वर्षभर गावात राहतो, पण गावाशी त्याची ओळख होत नाही.

या वेळापत्रकाला कारण आहे. स्पेनचा बहुतेक भूभाग ग्रीनिचच्या पश्चिमेला असूनही १९४० पासून हा देश मध्य युरोपची वेळ पाळतो, आणि सालामांका तर पोर्तुगालच्या बाजूला, आणखी पश्चिमेला आहे. जूनमध्ये इथे सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात दुपारचे सव्वादोन वाजून गेलेले असतात. मुंबईत तीच वेळ साडेबाराच्या मागेपुढे येते. म्हणजे इथला माणूस अडीचला जेवायला बसतो तेव्हा सूर्याच्या हिशेबाने तो भर मध्यान्हीच जेवत असतो. उन्हाळ्यात रात्री साडेनऊलाही लख्ख उजेड असतो आणि जानेवारीत सकाळी आठला अंधार. हे एकदा लक्षात आले की 'हे लोक इतक्या उशिरा का जेवतात' ही तक्रार निम्मी मिटते.

वर्ग साधारण नऊ ते दोन आणि चार ते आठ अशा दोन पाळ्यांत भरतात. सकाळी घरून निघताना कोणी पोटभर खात नाही. कॉफी आणि टोमॅटो चोळलेला, वर ऑलिव्हचे तेल सोडलेला भाजका पाव एवढ्यावर भागते. अकराच्या सुमारास सगळे एकदम बाहेर पडतात. इथे 'बार' म्हणजे आपल्याकडचा बार नव्हे. तिथे सकाळी आजीबाई कॉफी पितात, दुपारी कामगार जेवतात आणि संध्याकाळी विद्यार्थी बसतात. दोन वाजता शहराचे शटर खाली येते. मोठी सुपरमार्केटे उघडी राहतात, पण लोखंडी सामानाचे दुकान, चांभार, छायाप्रतींचे दुकान, कापडवाला हे सगळे पाचपर्यंत बंद. पुण्याच्या 'एक ते चार'वर विनोद करणाऱ्यांनी इथे एकदा दोन ते पाच काढून पाहावेत. या वेळात सगळे झोपतात, अशी आपल्याकडे समजूत आहे. माझ्या ओळखीतील विद्यार्थी तरी झोपत नाहीत; ते सावकाश जेवतात आणि जेवणानंतर टेबलावरून न उठता गप्पा मारतात. नव्या विद्यार्थ्याला बोली भाषा मिळते ती या गप्पांत.

रात्रीचे जेवण साडेनऊ-दहाला होते. त्याआधी, वर्ग सुटल्यावर, लोक केवळ चालण्यासाठी आणि भेटण्यासाठी बाहेर पडतात. इथला प्लासा मायोर हा चौक १७२९ ते १७५५ या काळात बांधला गेला. जवळच्या व्हियामायोर गावातून आलेला त्याचा वालुकाश्म संध्याकाळच्या उन्हात मधाच्या रंगाचा होतो. कोणालाही भेटायचे तर 'घड्याळाखाली' एवढे सांगितले की पुरते. आपल्या सवयीने आठला जेवून, भांडी घासून खोलीचे दार लावून घेणारा विद्यार्थी नेमका हा भाग गमावतो, आणि नंतर 'इथले लोक मिसळत नाहीत' असे घरी फोनवर सांगतो.

आता घराविषयी. बहुतेक विद्यार्थी भागीदारीच्या फ्लॅटमध्ये, म्हणजे 'पिसो कोंपार्तिदो'मध्ये राहतात. खोली प्रत्येकाची स्वतंत्र, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सामायिक. खोली पाहताना भाड्याच्याही आधी हीटिंगची चौकशी करावी. हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे आणि हिवाळ्यात रात्रीचे तापमान सहज शून्याखाली जाते. संपूर्ण इमारतीची मिळून एकच यंत्रणा असेल, तर ती ठरावीक तासच चालते, पण तिचा खर्च बहुधा भाड्यात धरलेला असतो. प्रत्येक फ्लॅटची स्वतंत्र असेल, तर किती वेळ चालवायची यावरून घरात दर आठवड्याला परिषद भरते. वीजबिलाचेही तसेच आहे. २०२१ पासून अनेक करारांत विजेचे दर तासांनुसार बदलतात. आठवड्याच्या दिवशी सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी सहा ते दहा वीज सर्वांत महाग असते, तर मध्यरात्र ते सकाळी आठ आणि शनिवार-रविवार सर्वांत स्वस्त. आमच्याकडे कपडे धुण्याचे यंत्र शनिवारशिवाय लावले जात नाही, आणि सामोरा गावाहून आलेली माझी सहनिवासिनी हा नियम एखाद्या व्रतासारखा पाळते.

एक बारीकशी, पण महत्त्वाची गोष्ट. इमारतीच्या दाराशी पत्रपेट्यांची रांग असते. राहायला गेल्याच दिवशी आपल्या पेटीवर आपले नाव चिकटवावे. सरकारी पत्रे अजूनही कागदावर येतात, आणि पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन ते पत्र परत नेऊ शकतो.

दुकानांतील रीत शेवटी सांगते. मंडईत, दवाखान्यात किंवा पावाच्या दुकानात लोक इतस्ततः उभे असतात. रांग दिसत नाही. आत शिरणाऱ्याने मोठ्याने विचारायचे, 'किएन एस एल उल्तिमो?', म्हणजे शेवटचे कोण? कोणीतरी हात वर करते; त्यांच्या पाठोपाठ आपला नंबर. त्यानंतर कुठेही उभे राहिले तरी चालते, मात्र न विचारता पुढे सरकलेल्या माणसाला सगळे दुकान ऐकवते. लिफ्टमध्ये शिरतानाही अनोळखी माणसाला नमस्कार घालायचा आणि उतरताना निरोप घ्यायचा. आपल्याकडे सोसायटीच्या लिफ्टमध्ये मोबाईलकडे पाहण्याची रीत आहे, त्यामुळे हे सुरुवातीला अवघड जाते.

औदुंबर_सांगली

ताई, लेख अतिशय उपयुक्त आहे. माझी कन्या सप्टेंबरमध्ये ग्रानादा येथे शिकण्यासाठी जात आहे. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. अंडे तिला चालते, तेही नाइलाजाने. तिच्या आईने आतापासूनच तूप, मसाले, पोहे, कढीपत्ता, पेढे आणि प्रेशर कुकर यांची यादी केली आहे. यांतील काय न्यावे आणि काय नेऊ नये, हे कृपया सांगावे. तसेच बाहेर जेवण्याची वेळ आली, तर शाकाहारी मुलीने काय मागावे?

तोर्मेसकाठ

काका, यादीतून तूप आणि पेढे सर्वप्रथम काढावेत. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. तूप, खवा, चीज हे सगळे त्यातच आले. ताजा कढीपत्ताही नको, कारण ताजी पाने, भाज्या आणि बहुतेक फळे यांना वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते. नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढ्यांना त्यातून सूट आहे. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, आमसुले, हिंग, मोहरी हे न्यावे. हिंग घट्ट झाकणाच्या डबीत, आणि ती डबी आणखी एका पिशवीत. पोहे लहान गावांत मिळत नाहीत, म्हणून एखादा किलो असू द्यावेत.

बेसन मात्र नेऊ नये. हरभऱ्याचे पीठ इथल्या साध्या सुपरमार्केटमध्येही अनेकदा मिळते. पिठले आमच्या घरी आठवड्याला होते, आणि माझ्या सहनिवासी ते पावाबरोबर खातात. सालाची मसूर आणि हरभरे तर इथल्या लोकांचे रोजचेच अन्न आहे. तांबडी मसूर डाळही आता सहज मिळते. रव्याच्या जागी 'सेमोला' चालतो. दूध दुकानात फ्रिजबाहेरच्या फडताळावर खोक्यांत ठेवलेले असते, त्याला घाबरू नये. ते फार उच्च तापमानाला तापवलेले असते; उघडल्यानंतर मात्र फ्रिजमध्ये ठेवावे लागते. ग्रानादात मोरोक्कन लोकांची दुकाने आहेत. तिथे कोथिंबीर, जिरे आणि सुटे मसाले मिळतील. कुकर इथेही मिळतो, पण शिट्टीचा नव्हे, आणि आपली शिट्टी मोजण्याची सवय सुटत नाही. स्वयंपाकघरात बहुधा काचेच्या पृष्ठभागाची विजेची शेगडी असते. तिचा प्रकार विचारूनच कुकर न्यावा, कारण इंडक्शनवर साधा अॅल्युमिनियमचा कुकर तापत नाही. वीज २३० व्होल्टची, आपल्यासारखीच असल्याने मिक्सर चालेल. फक्त आपली तीन पिनांची प्लग तिथे बसत नाही, म्हणून अॅडॅप्टर हवा.

बाहेर जेवण्याविषयी एक सूचना. 'मी शाकाहारी आहे' एवढेच सांगितले, तर पुष्कळ ठिकाणी सॅलडमध्ये ट्यूना मासा येतो, कारण अनेकांच्या लेखी मांस म्हणजे चार पायांचे. मसुरीच्या आमटीत सॉसेज असते, बटाट्याच्या सॅलडमध्ये मासा, आणि क्रोकेटमध्ये हॅम. 'मांस नको, मासा नको, हॅम नको' असे तिन्ही शब्द वेगवेगळे सांगावेत. तोर्तिया दे पातातास, म्हणजे बटाटा आणि अंड्याचा जाड थर, हा तिचा नेहमीचा आधार ठरेल. पिस्तो, म्हणजे वांगी, मिरच्या आणि टोमॅटो यांची शिजवलेली भाजी, बिनधास्त मागावी, मात्र वर अंडे ठेवलेले असू शकते. साल्मोरेखो हे गार सूप मूळचे शाकाहारी, पण वाढताना वर हॅमचे तुकडे भुरभुरतात. ते नको म्हणून सांगावे. नाताळातील पोल्व्होरोन हा नानखटाईचा सख्खा चुलतभाऊ दिसतो, पण पारंपरिक पाककृतीत डुकराची चरबी असते. वेष्टनावर 'मान्तेका' शब्द आहे का, हे वाचायला तिला शिकवावे.

ग्रानादात पेयाबरोबर खाण्याची छोटी बशी फुकट देण्याची पद्धत आहे. ती बशी काय असेल हे बहुधा दुकानदार ठरवतो, म्हणून तिथेही आधी सांगणे बरे.

लावापिएसकर

धागाकर्तीने सालामांका सांगितले. मी माद्रिदची बाजू मांडतो, कारण हा लेख वाचून कोणी माद्रिदला आला तर त्याची निराशा होऊ नये. पहिली गोष्ट घरभाड्याची. इथे सालामांकाच्या भाड्यात खोली शोधणे म्हणजे वेळ घालवणे आहे. दुसरी गोष्ट कराराची. नेहमीच्या निवासाच्या करारात कायद्याने एका महिन्याची अनामत असते, आणि २०२३ च्या गृहनिर्माण कायद्यापासून दलालाचे शुल्क घरमालकाने द्यायचे असते. परंतु विद्यार्थ्यांच्या हाती बहुधा हंगामी करार दिला जातो. त्यात अनामत दोन महिन्यांची असते आणि वरील संरक्षण मिळेलच असे नाही. सही करण्यापूर्वी करारावर 'तेम्पोरादा', म्हणजे हंगाम, हा शब्द आहे का, ते पाहावे. फोटो पाहून आणि खोली न पाहता भारतातून पैसे पाठवू नयेत, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो आणि तरीही दर सप्टेंबरमध्ये कोणीतरी फसतेच.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. सहा महिन्यांहून अधिक काळाच्या व्हिसावर आलेल्याने आल्यापासून एका महिन्याच्या आत परदेशी नागरिकाच्या कार्डासाठी, म्हणजे 'तिए'साठी, अर्ज करायचा असतो. त्यासाठी ईएक्स-१७ हा अर्ज, ७९० क्रमांकाच्या नमुन्यातील ०१२ संकेताचे शुल्क बँकेत भरल्याची पावती, छायाचित्र, पासपोर्ट आणि बहुतेक ठिकाणी नगरपालिकेतील निवास नोंदणीचा दाखला लागतो. बोटांचे ठसे द्यायला आधी वेळ घ्यावी लागते. मोठ्या शहरांत ती मिळणे हेच खरे काम. सकाळी लवकर संकेतस्थळ उघडून बसावे आणि मिळेल ती तारीख घ्यावी. निवास नोंदणीला काही घरमालक नाखूश असतात. नोंदणी हे रहिवाशाचे कर्तव्य आहे आणि भाडेकरार हा पुरावा म्हणून चालतो, हे शांतपणे सांगावे. त्याहून उत्तम म्हणजे खोली घेतानाच विचारून घ्यावे. कार्ड हाती येण्यापूर्वी व्हिसा संपत असेल आणि भारतात जाऊन यायचे असेल, तर परतीची परवानगी वेगळी काढावी लागते.

बाकी माद्रिदचे एक सुख आहे. लावापिएस भागात तुरीची डाळ, पोहे आणि कधीकधी कढीपत्ताही मिळतो.

आडनाव_नसलेला

कागदपत्रांचा विषय निघाला आहे, म्हणून विचारतो. तिथल्या प्रत्येक अर्जात पहिले आणि दुसरे आडनाव असे दोन रकाने असतात. आपल्या नावात वडिलांचे नाव मध्ये येते. ते कुठे लिहायचे?

लावापिएसकर

पासपोर्टवर जसे छापले आहे तसेच. तिथे वडिलांचे नाव बहुधा 'गिव्हन नेम'च्या ओळीत असते, म्हणून ते पहिल्या नावाबरोबरच लिहावे, आडनाव पहिल्या रकान्यात आणि दुसरा रकाना रिकामा. कर्मचारी सवयीने वडिलांचे नाव पहिले आडनाव म्हणून टंकित करतात. मग ग्रंथालयाच्या कार्डावर एक नाव, बँकेत दुसरे आणि विद्यापीठात तिसरे, असा संसार सुरू होतो. खिडकी सोडण्यापूर्वी छापील कागद वाचून पाहावा. विशेषतः बँकेत, कारण फोनवरून एकमेकांना पैसे पाठवण्याची 'बिझुम' ही सोय स्पॅनिश खात्याशीच जोडलेली आहे, आणि चौघांत बिल वाटताना तिच्याशिवाय चालत नाही.

मडगावची

मी पांप्लोना येथे शिकते. धाग्याच्या विषयाला धरून एकच गोष्ट सांगते, कारण ती इतरत्र कुणाच्या वाट्याला येणार नाही. स्पेनमध्ये इतरत्र 'गोवा' म्हटले की लोकांना समुद्रकिनारा आठवतो. पांप्लोना ज्यात येते त्या नव्हारा प्रांतात मात्र घराखालच्या पावाच्या दुकानातील आजींनी मला पहिल्याच आठवड्यात विचारले, 'म्हणजे आमच्या सान फ्रान्सिस्कोच्या गावची?' संत फ्रान्सिस झेवियर यांचा जन्म पांप्लोनापासून सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या हाविएरच्या किल्ल्यात १५०६ साली झाला, आणि त्यांचा देह जुन्या गोव्यातील बॉम जेझूस बासिलिकेत आहे. ३ डिसेंबर हा त्यांचा सण नव्हाराचा प्रादेशिक दिन असतो, त्यामुळे त्या दिवशी आम्हांला सुटी असते, आणि त्याच दिवशी माझ्या घरची मंडळी जुन्या गोव्याच्या फेस्ताला गेलेली असतात. मार्चच्या सुरुवातीला इथले लोक हाविएरपर्यंत पायी जातात. महाविद्यालयातील गटाबरोबर मीही गेले. रात्रभर चालणारे, पायाला फोड आलेले, वाटेत एकमेकांना संत्री देणारे लोक पाहून वारी पाहिलेल्या माणसाला काही समजावून सांगावे लागत नाही.

पायवाट

धागाकर्तीच्या मूळ मुद्द्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. रात्री दहाला जेवायचे आणि मध्यरात्रीपर्यंत चौकात बसायचे, हे ज्यांना जमते त्यांना जमो. मी व्हालेन्सियात प्रयोगशाळेत काम करते, सकाळी आठला हजर असते आणि रात्री अकराला झोपते. तरीही माझा परिसराशी संबंध तुटला नाही. माझी सगळी ओळख अकराच्या कॉफीवर आणि दुपारच्या डब्यावर झाली. दुपारी आमच्या विभागातील दहा-बारा जण एकत्र डबा खातात. त्या तासात मी जितके शिकले तितके कोणत्याही रात्रीच्या फेरफटक्यात शिकले नसते. शिवाय रात्री बाहेर बसणे म्हणजे रोजचा खर्च. ज्यांचे पैसे घरून, रुपयांतून येतात, त्यांना 'गावाशी ओळख' या नावाखाली हा सल्ला देणे मला योग्य वाटत नाही.

तोर्मेसकाठ

पायवाटताई, खर्चाचा मुद्दा मान्य आहे, आणि प्रयोगशाळेचे आयुष्य वेगळे असते हेही खरे. पण आपण दुपारी डबा एकत्र खाता, म्हणजे आपणही त्यांच्याच वेळेला लागला आहात. बाराला आपल्या टेबलावर एकट्याने डबा उघडला असता, तर ती ओळख झाली नसती. माझे म्हणणे रात्रीपुरते नव्हते. दिवसातील एक तरी वेळ अशी हवी, जेव्हा आपण त्यांच्याबरोबर आणि त्यांच्या वेळेला खातो. चौकात बसायला पैसे लागत नाहीत. लोक दगडी फरशीवरच मांडी घालून बसतात. फिलॉलॉजी, म्हणजे भाषा-साहित्य, विभागासमोरच्या आनाया चौकातल्या हिरवळीवरही तेच.

जिथे खर्च खरोखर वाचतो ते विद्यापीठाचे भोजनगृह. दोन पदार्थ, पाव, पाणी आणि फळ किंवा दही असे जेवण बाहेरच्या 'मेनू देल दिया'हून, म्हणजे ठरावीक दराच्या दुपारच्या जेवणाहून, बरेच स्वस्त पडते.

बीए_तृतीय_वर्ष

गुणांची पद्धत आणि अर्धवेळ काम, या दोन्हींविषयी कोणी सांगेल का? प्राध्यापक कडक असतात का?

तोर्मेसकाठ

गुण शून्य ते दहा असतात आणि पाचला उत्तीर्ण. नऊच्या पुढे 'सोब्रेसालिएन्ते'. त्यावरचा 'मात्रीकुला दे ओनोर' हा मान वर्गातील ५ टक्क्यांहून अधिक विद्यार्थ्यांना देता येत नाही, म्हणून सात मिळाले तर घरी फोन करून रडू नये. सात हे चांगले गुण आहेत. एका वर्षाचे ६० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचे काम धरलेले असते, त्यात घरचा अभ्यासही आला. सत्रभर निबंध, सादरीकरणे आणि चाचण्या चालूच असतात, त्यामुळे शेवटच्या पंधरवड्यात रात्र जागून निभावून नेण्याची आपली कला इथे फारशी कामी येत नाही. विद्यापीठाच्या जुन्या दर्शनी भिंतीवर कवटीवर बसलेला एक दगडी बेडूक आहे. कोणाच्या मदतीविना जो तो शोधेल तो परीक्षेत उत्तीर्ण होतो, असे म्हणतात. पर्यटकांचे मार्गदर्शक तो दिवसभर बोटाने दाखवत असतात, त्यामुळे आमच्यापैकी कोणालाच ती संधी मिळत नाही.

प्राध्यापक कडक नसतात, पण त्यांच्याशी वागण्याची रीत उलटी आहे. त्यांना पहिल्या नावाने आणि एकेरीत बोलावे लागते. पंचवीस वर्षे शिकवलेल्या, माझ्या आत्याच्या वयाच्या बाईंना 'तू' म्हणताना माझी जीभ कित्येक दिवस अडखळत असे, आणि मी आदरार्थी बोलले की त्यांना वाटे, ही रागावली आहे की काय. प्रत्येक प्राध्यापकाच्या भेटीच्या वेळा जाहीर असतात. त्या वेळेला जाऊन प्रश्न विचारणे अपेक्षितच आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

उच्च शिक्षणासाठी आलेल्या विद्यार्थ्याला आठवड्याला ३० तासांपर्यंत, अभ्यासाच्या आड न येणारे काम करता येते. परंतु लहान गावात काम मिळेलच, असे धरून अंदाजपत्रक मांडू नये. हॉटेलातील कामाला अस्खलित बोली लागते, आणि इंग्रजीच्या शिकवण्यांना स्पर्धा मोठी असते. व्हिसाच्या वेळी जो निर्वाहखर्च दाखवावा लागतो, म्हणजे सध्या महिन्याला ६०० युरो, तो आपल्याकडे खरोखर असावा.

गिरगाव_ते_कोयोआकान

मेक्सिको सिटीतून लिहितो. इथली भाषा तीच, पण दिवस वेगळा. वर्ग सकाळी सातलाही सुरू होतात आणि मुख्य जेवण दोन ते चारच्या दरम्यान. नाक्यावरच्या खानावळीत 'कोमिदा कोर्रिदा' मिळते, म्हणजे सूप, भात, एक मुख्य पदार्थ आणि फळांचे पाणी, आणि सोबत तोर्तिया. इथे तोर्तिया म्हणजे मक्याची भाकरी, अंड्याचा पदार्थ नव्हे. तिखट कमी पडण्याची तक्रार मराठी माणूस इथे करणार नाही. शाकाहारी मंडळींनी घेवड्याच्या उसळीत आणि मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या तामालेसमध्ये चरबी आहे का, ते विचारावे. निवडुंगाची पाने, म्हणजे 'नोपालेस', मात्र निर्धास्त खावीत. भेंडीसारखी बुळबुळीत असतात.

शहर सुमारे २,२४० मीटर उंचीवर असल्याने उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. सांगलीच्या काकांच्या यादीतला कुकर इथे अत्यावश्यक आहे. भूकंपाचा भोंगा वाजला की सगळे काम सोडून बाहेर पडायचे, हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. १९८५ आणि २०१७ या दोन्ही वर्षी मोठा भूकंप १९ सप्टेंबरलाच झाला होता, आणि दरवर्षी त्या तारखेला देशभर सराव होतो. १८० दिवसांहून अधिक काळ राहणाऱ्याने आल्यापासून ३० दिवसांत व्हिसाच्या बदल्यात निवासी कार्ड घ्यायचे असते. आणखी एक फरक : धागाकर्तीने प्राध्यापकांना एकेरीत बोलावे असे लिहिले आहे, ते इथे करू नये. इथे थोरामोठ्यांना आदरार्थीच बोलतात, आणि आपल्याला ते सोपे जाते.

औदुंबर_सांगली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. लेकीच्या आईने तूप यादीतून काढले आहे. पेढ्यांविषयी अद्याप वाद चालू आहे. शेवटचा एक प्रश्न. आम्ही रात्री दहाला झोपतो. तिला फोन कोणत्या वेळेला करावा?

तोर्मेसकाठ

काका, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत भारत स्पेनच्या साडेतीन तास पुढे असतो, आणि त्यानंतर मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास. ती रात्री जेवायला बसेल तेव्हा सांगलीत मध्यरात्र उलटून गेलेली असेल, म्हणून रात्रीच्या फोनचा विचार सोडून द्यावा. तिचे जेवण आटोपून दुपारचे वर्ग सुरू होण्यापूर्वीची वेळ धरावी. म्हणजे आपल्याकडे सप्टेंबरमध्ये संध्याकाळी सात आणि नोव्हेंबरपासून आठ. फक्त तिचे दुपारचे वर्ग कोणत्या दिवशी आहेत, ते पहिल्या आठवड्यात विचारून घ्यावे. आणि त्या वेळेला ती मैत्रिणींबरोबर टेबलावरच बसलेली असेल आणि 'आई, नंतर करते' म्हणाली, तर वहिनींनी मनाला लावून घेऊ नये. पेढे चितळ्यांचे असले तरी नेऊ नयेत.